बिनहाताची खुर्ची

मीरा, चिनू, काल गुडघा दाखवायला हॉस्पिटलमध्ये गेले होते. शेजारच्या खोलीत फार लठ्ठ माणसांच्या उपचारांवर संशोधन चालतं. तिथे बोलावलेली एक बाई भिंतीला टेकून उभी होती.

“बसा ना,” मी म्हटलं.

“नको आजी. मागे एकदा अशाच हातांच्या खुर्चीत अडकले, सगळे हसले.” तिने पर्स खांद्याला लावली. “जातेच मी. वजन काय, घरीही वाढतंच की!”

ती दाराशी पोचली, तेवढ्यात नर्सने आतून एक रुंद, बिनहाताची खुर्ची आणली. “ताई, आधी बसा. वजनाचं मग बघू.”

ती जपून टेकली, मग मोकळी हसली. “मावते की हो!” आणि नाव पुकारेपर्यंत थांबली.

मला तुमचं सुट्टीत माझ्याकडे येणं आठवलं. दारातच मी दर वेळी म्हणते, “मीरा, तब्येत सुधारली हं!” आमच्या पिढीचं ते कौतुक. पण ते ऐकताच तू टी-शर्ट खाली ओढतेस, हे मी बघूनही कधी पाहिलं नव्हतं.

या खेपेला मी फक्त म्हणेन, “ये, बस.”