ओरिजिनल इंजिन कुणाचं?

हरेश भोईर वडिलांना हाताला धरून वागळे इस्टेटमधल्या माझ्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला, तेव्हा जीपचं बॉनेट उघडंच होतं. चार महिने शोधून मिळवलेलं इंजिन आत बसलेलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

कोपरीचे हे भोईरकाका फौजेत ड्रायव्हर होते. त्यांच्याच युनिटची ही जीप त्यांनी पुढे लिलावात घेतली. आता डोळे अधू झालेले. त्यांच्या हयातीत गाडी होती तशी उभी करायची, हा हरेशचा हट्ट. व्हिंटेज रॅलीचा फॉर्मही त्याने भरून ठेवला होता.

गाडी आली तेव्हा आत ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर. फॅक्टरीच्या पुस्तकात साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे बाजूला. कुणीतरी मिळेल ते कोंबलंय, असा निकाल मी देऊन टाकला. मग कल्याण-भिवंडीचे भंगारवाले पालथे घातले. कंबरेचे टाके ढिले झाले.

मी स्टार्टर मारला. काका कान देऊन ऐकत राहिले.

"यो इंजन आमचा नाय."

हरेशने समजावलं की बाबा, कंपनीने हेच दिलेलं, हेच ओरिजिनल.

"कंपनीचा बॉर्डरवर फुटला," काका म्हणाले. "मंग फौजेच्या वर्कशॉपनी दुसरा दिला. मी सोता बसवला. जखमी पोरांना त्याच्यावरच परत आणला."

मी कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनावरची ताडपत्री काढली. ब्लॉकवर रिव्हेट मारलेली एक पट्टी होती. ग्रीस खरवडल्यावर फौजेच्या वर्कशॉपचा शिक्का दिसला. ती पट्टी मी आधी पाहिलेली, भंगारवाल्याची समजून सोडून दिलेली. तीस वर्षं या धंद्यात काढून ही चूक. लाज वाटली.

हरेशने हळूच रॅलीचं विचारलं.

"जज पुस्तक बघणार, मार्क कापणार," मी म्हणालो. "तू ठरव."

त्याने वडिलांकडे पाहिलं. "काढा हे," म्हणाला.

तीच गाडी पुन्हा उघडायची म्हणजे जिवावर येतं. पंधरा दिवस गेले. काका परत आले, जुन्या इंजिनाचा आवाज ऐकला आणि कुणाला न विचारता ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. उतरायला तयार होईनात.

रॅलीत शेरा मिळाला, इंजिन ओरिजिनल नाही.

हल्ली गाडी आली की पुस्तक नंतर उघडतो. आधी विचारतो, हिला चालवणारा अजून आहे का?