विलिंग

बिबवेवाडीत एका दुकानाच्या वरच्या खोलीत मी इंग्रजी बोलण्याचे क्लास घेतो. येणारी बहुतेक मुलं आमच्या विदर्भातलीच. कंपनीत मुलाखत द्यायची असते म्हणून येतात. ‘विलिंग’ हा शब्द मी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो. आय ॲम विलिंग टु वर्क इन शिफ्ट्स. फळ्यावर अर्थ लिहायचो, ‘तयार’, आणि पुढच्या शब्दाकडे वळायचो.

मग माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं, पाणी मोजून प्यावं लागायचं. बायकोला मधुमेह, आई थकलेली. किडनी द्यायला राहिला धाकटा भाऊ. तो गावाहून आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, “दादा, मी तयार आहो.” आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तपासण्या जुळल्या. ऑपरेशननंतर तांब्याभर पाणी एका दमात प्यायचं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात असायचं.

शेवटी, दाता स्वखुशीने देतोय ना हे तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीने भावाला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तो सरळ खिडकीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने समितीतल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं.

“यांची किडनी आपल्याला घेता येणार नाही.”

“अहो, पण रिपोर्ट चांगले आहेत ना?”

“दाता म्हणून ते योग्य नाहीत. एवढंच मी सांगू शकते.”

भावाने मात्र स्वारगेटला, गाडीची वाट बघताना, स्वतःच सांगितलं. “त्या बाईंनी विचारलं, विलिंग आहात का? मी म्हटलं, हो, तयार आहो. तर म्हणाल्या, तयार आहात ते दिसतंय. पण तुमची इच्छा आहे का? इथं आई नाही, दादा नाही, मोकळेपणानं सांगा.” त्याने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. “माही पोरगी लहान आहे, दादा. मले खोटं नाही बोलता आलं.”

“बरं केलंस,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शरीर त्याचं होतं. हे कळत होतं, आणि तरी त्याची कॉलर धरून त्याला पुन्हा आत न्यावं असं वाटत होतं. गाडी आली. चढताना त्याने मागे पाहिलं नाही.

क्लास मी अजून घेतो. मध्ये एका मुलीने विचारलं, “सर, रेडी आणि विलिंग सेमच ना?” नाही म्हणालो. फरक लिहायला वळलो आणि फळ्यालाच हात टेकून उभा राहिलो. मुलांना वाटलं, मला चक्कर आली. त्यांनी पंखा वाढवला.

किडनी जुळली नाही, असं मी घरी सांगितलं होतं. आईने ते मानलं नाही. भावाचा फोन आता ती घेत नाही. मी घेतो. तो विचारतो, “कसं आहे?” मी म्हणतो, “ठीक.” मग तो फोन ठेवतो.

किडनीच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव आहे. तिथून काही येईल असं मला वाटत नाही. डायलिसिसहून परतलो की आई माझ्या उशाशी बसते.

“माही घे ना रे,” ती म्हणते.

“तुझं वय झालंय, आई. डॉक्टर घेणार नाहीत.”

ती मान हलवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारते.