मधलं, पहिलं, अंगठा

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांना सगळे ‘मिलिमीटर’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. कापडाचे शंभर थर एकावर एक रचलेले असायचे आणि मास्तर त्यातून उभ्या पात्याचं मशीन असं फिरवायचे, की सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा तुकडा जुळी भावंडं वाटावीत. बावीस वर्षं ते मशीन त्यांच्या उजव्या हातात होतं. रेषा दिसते ती फक्त वरच्या थरावर, खाली पातं कुठे चाललंय ते मुठीतून कळतं, असं ते नव्या लोकांना ऐटीत सांगायचे.

गेले तीन महिने ते मुठीतून कळेनासं झालं होतं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आधी झिणझिणायची, मग बधिर झाली. शर्टाची बटणं लागेनात, म्हणून मास्तर बटणं न काढताच शर्ट डोक्यावरून चढवू लागले. बायकोला म्हणाले, वेळ वाचतो. हात गेला तर काम गेलं, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, ही भीती होतीच.

त्याहून मोठी भीती रोज टेबलापलीकडे उभी असायची. ती त्यांची मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण. मास्तरांनीच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. थर सरकू नयेत म्हणून पात्याच्या पुढे कापड दाबून धरायचं, हे तिचं काम. मध्यंतरी एकदा मशीन रेषा सोडून चार बोटं पुढे धावलं. तिने झटकन हात मागे घेतला म्हणून निभावलं. ती हसली. मास्तर म्हणाले, पातं बोथट झालंय, आणि चांगलं धारदार पातं काढून त्यांनी दुसरं बसवलं. मग संडासात जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

अशात मॅनेजरांच्या डोक्यात मालिशचं आलं. दर बुधवारी एक मालिशवाल्या बाई येणार, बटणांच्या खोक्यांच्या खोलीत खुर्ची मांडणार, आणि प्रत्येकाला कामाच्या वेळातच पंधरा मिनिटं देणार. आधी सगळ्यांनी भरपूर टिंगल केली. तिसऱ्या बुधवारी टिंगल करणारेच रांगेत पुढे होते. इस्त्रीवाल्या काकूंची मान पाच वर्षांनी दोन्ही बाजूंना वळली, तर त्या दिवसभर उगाचच इकडेतिकडे बघत राहिल्या. शिलाईच्या रांगेतली दुपारची भांडणं कमी झाली, उसवाव्या लागणाऱ्या शिवणी कमी झाल्या. सुपरवायझरसुद्धा माणसासारखा बोलू लागला, आता बोला.

मास्तर मात्र बुधवार उजाडला की कामात गळ्यापर्यंत बुडालेले असायचे. कारण काकूंनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. शेवटी बाई डोळे मिटायला लावतात, एकेक बोट दाबतात आणि कुठलं दाबलं ते विचारतात. ज्याला सांगता येत नाही, त्याची नस दबलेली असते म्हणे. ऐकून मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं.

सहा बुधवार त्यांनी टाळले. सातव्या बुधवारी यादीत त्यांचं नाव सगळ्यांत वर होतं. आता नाही म्हणावं तर संशय येणार. मग त्यांनी काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, बाई सुरुवात कुठून करतात? करंगळीपासून, काकू म्हणाल्या, आणि ओळीने अंगठ्यापर्यंत. मास्तर मापाचा माणूस. एका बोटावर किती वेळ थांबतात, हेही त्यांनी विचारून घेतलं. मनातल्या मनात तीन आकडे होईपर्यंत. मास्तरांनी सगळं घोकून पाठ केलं.

बाईंनी खांदे दाबले तेव्हा बावीस वर्षांचा शीण जागच्या जागी विरघळायला लागला. मास्तरांना भडभडून आलं. इथून उठूच नये, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बाईंनी त्यांचा उजवा हात उशीवर ठेवला आणि डोळे मिटायला सांगितले.

“करंगळी,” मास्तर म्हणाले. ते खरंच कळलं होतं. “तिच्या शेजारचं.” तेही कळलं, जेमतेम. मग त्यांनी तीन आकडे मोजले. “मधलं.” पुन्हा तीन. “पहिलं.” पुन्हा तीन, आणि सुटलो बुवा अशा आवाजात, “अंगठा.”

मास्तरांनी डोळे उघडले. बाई चार पावलं लांब उभ्या राहून टॉवेलला हात पुसत होत्या.

“तुमचे ओठ आकडे मोजत होते, मास्तर,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बोटानंतर मी हातच लावला नाही.”

मास्तरांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. त्यांनी हात जोडले, कुणाला सांगू नका म्हणाले. बाई म्हणाल्या, त्यांच्या वहीत फक्त नाव असतं, दुखणं कुणाचं लिहीत नाहीत. पण डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. वेळेवर दाखवलं तर नस मोकळी होऊ शकते, नाहीतर सांगता येत नाही. तोवर त्या हाताने मशीन धरू नका, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

मास्तर टेबलापाशी परत आले. थर रचून तयार होते. मेव्हणी दोन्ही पंजे पसरून कापड दाबून उभी होती. त्यांनी सवयीने मशीन चालू केलं, पातं घरघरलं, आणि तिच्या बोटांवर त्यांची नजर खिळली. त्यांनी मशीन बंद केलं.

“हात काढ,” ते म्हणाले. “माझ्या हाताला काही कळत नाही. तीन महिने झाले.”

तिने हात काढले नाहीत.

“मला माहीत आहे, भावोजी,” ती हळूच म्हणाली. “सुपरवायझर मला शिलाईवर घेणार होते. मीच नको म्हटलं. इथे दुसरी कुणी उभी राहिली असती, तर तुमचा हात कधी सुटतो ते तिला कळलं नसतं. मला आता कळतं. आज यादीत नावही मीच घातलं.”

मास्तर वाकले आणि त्यांनी तिचा डावा पंजा कापडावरून उचलला. दोन बोटांच्या टोकांवर बारीक रेघा होत्या. एक वाळलेली, एक अजून लाल.

“हे कधी झालं?”

तिने हात पदराखाली घेतला.

मास्तरांनी भिंतीतून मशीनची वायर उपसली. डाव्या हाताने. ती तशीच लोंबती ठेवून ते सुपरवायझरच्या खोलीकडे निघाले.