डोळा धरणारे शब्बीरभाई

शब्बीरभाईंच्या हातात चहाचा ग्लास दिला की ते तो प्यायचे नाहीत, फिरवायचे. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, जरा इकडं, जरा तिकडं, आणि नजर समोरच्याच्या डोळ्यात. बाटलीचं झाकण असो, कुंकवाची डबी असो, गोल वस्तू हाताला लागली की फिरलीच पाहिजे. चहावर साय धरायची आणि मग वर मलाच विचारायचे, "गार का दिला, ताई?" पहिल्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो असा.

मी बारामतीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शब्बीरभाई इंदापूरचे. दोन्ही तालुक्यांतली लग्नं ते शूट करायचे आणि मेमरी कार्ड माझ्याकडं आणून टाकायचे. अंगाला अत्तर, दाढीला मेंदी, बुटांना पॉलिश. नवरदेवापेक्षा यांचाच थाट जास्त. आणि गळ्यात मिररलेस कॅमेरा, त्याला ती लेन्स. पंच्याऐंशी एमएमची, सगळी लोखंडी-काचेची, हातात घेतली की मनगट वाकावं इतकी जड. तिला ऑटोफोकस नाही. लेन्सवरचं कडं हातानं फिरवायचं आणि चेहरा हातानंच शोधायचा. तिच्या आतलं छिद्र पूर्ण उघडलं की पापणीचे केस मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आणि मागचं सगळं, मांडव, पाहुणे, स्टेजवरचं थर्माकोल, लोण्यासारखं विरघळून गेलेलं. फोटोला ठीक आहे हो. पण हलत्याबोलत्या लग्नाचा व्हिडिओ असल्या लेन्सवर कोण घेतं? बारामतीत बाकी सगळ्यांच्या कॅमेऱ्यात डोळा आपोआप पकडला जातो. मी शंभरदा सांगितलं, निदान ते छिद्र थोडं बारीक करून घ्या, म्हणजे पुढंमागं झालं तरी चालेल.

"डोळा धरायचा, बाकी जाऊ द्या उडत," हे त्यांचं उत्तर. ऑटोफोकसचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "मशीनला काय कळतंय ताई, नवरी कुठली आन् करवली कुठली? ज्याचं तोंड फुडं, त्याला धरतंय." स्पष्ट भागावर लाल रेषा दाखवायची सोय कॅमेऱ्यात होती. तीही यांनी बंद करून टाकलेली. लहान पोरांच्या सायकलची आधाराची चाकं म्हणायचे तिला.

मंगलाष्टकांच्या आधी त्यांचा एक विधी असायचा. नवरी पाटावर उभी राहिली की तिच्यावर फोकस लावायचा आणि पूजेच्या ताटातली हळद बोटावर घेऊन लेन्सच्या कड्यावर ठिपका द्यायचा. अंतरपाट खाली आला की कडं बरोबर ठिपक्यावर, आणि नवरीची ती पहिली नजर, डोळ्यात पाणी, ओठ थरथरतायत, अशी काही मिळायची की खोटं कशाला बोलू, मीच खुर्चीत सावरून बसायचे. असं एखादं दृश्य मिळालं की पुढचा महिनाभर त्यांच्याशी भांडताच यायचं नाही.

पण सांगवीच्या लग्नात काय झालं? अंतरपाट गेला, हार घालायची वेळ आली आणि मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर उचललं. मग मामा मागं राहतायत होय? त्यांनी नवरीला उचललं. हळदीचा ठिपका राहिला खाली आणि नवरा-नवरी गेली वर. हार घालतानाच्या सगळ्या दृश्यांत स्पष्ट काय, तर नवरदेवाच्या मित्राचं घड्याळ. नवरदेवाचे चुलते माझ्याकडं येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, लग्न घड्याळाचं लावलं होतं का? बोलणी मी खाल्ली. शब्बीरभाई ग्लास फिरवत म्हणाले, "पोरांनी उचलायला नगं व्हतं."

गेल्या लग्नसराईत मात्र वेगळंच काहीतरी सुरू झालं. फोकस हलत नव्हता, घसरत होता. आधी डोळ्याऐवजी गालाच्या मागच्या कडेवर, मग कानातल्या झुमक्यावर. उभ्या माणसाचंही तेच, बसलेल्याचंही तेच. मी फोन केला की रोज नवीन कारण. उन्हानं स्क्रीन दिसत नाही. मांडवाच्या दिव्यांनी घोटाळा केला. शेवटी तर म्हणाले, ताई, तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, या इथं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ते आले. मी मोठ्या स्क्रीनवर लासुर्ण्याच्या नवरीचा चेहरा थांबवून ठेवला. झुमक्याचा मोती न् मोती दिसत होता आणि डोळे पार धूसर, ओल्या काचेतून बघावं तसे. शब्बीरभाई पुढं झुकले. बराच वेळ बघितलं. मग छाती फुगवून म्हणाले, "बघा. डोळा कसा कडक धरलाय."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं.

त्यांच्या बायकोला, रेहानाभाभींना फोन केला तेव्हा बाकीचं कळलं. साखरेचा आजार होता. गोळ्या घरातल्या फळीवर आणि शब्बीरभाई रोज लग्नाच्या पंगतीत, वर जिलबी वाढून घेतायत. मीच बारामतीतल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली. त्यांनी तपासून सरळ सांगितलं की साखरेनं डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि लवकर घ्यावी लागतील, कारण जी नजर जाईल ती परत येणार नाही. यापेक्षा सोपं कुणी कसं सांगायचं?

शब्बीरभाई म्हणाले, सीझन संपला की घेऊ.

इंजेक्शनच्या दिवशी मी आणि भाभी दवाखान्यात बसून राहिलो. हे कुठं? एका साखरपुड्याला. पुढच्या तारखेला हळद. त्याच्या पुढच्या तारखेला फोन बंद. मी समजावलं, ओरडले, भाभींनी जेवण सोडून बघितलं. बाकी कुणाला घाबरत नसतील, पण डोळ्यात सुई जाणार या कल्पनेनं त्यांना घाम फुटायचा, आणि ते कबूल करायची लाज वाटायची, म्हणून मध्ये लग्नं उभी करायची. शेवटी मी सांगितलं की इंजेक्शन घेतल्याशिवाय तुमचं कार्ड माझ्या कॉम्प्युटरला लागणार नाही. वाटलं, आता तरी ताळ्यावर येतील. त्यांनी इंदापुरात दुसरा एडिटर शोधला. मी हात टेकले. असा राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही कधी आला नसेल.

मग माळेगावचं लग्न झालं. त्यातलं मला त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं. सकाळी मी दुकान उघडत होते, तर दारात हे आणि भाभी. अत्तर नाही, बुटांना धूळ. म्हणाले, "अंतरपाट पडला, आन् मी सगळं लग्न करवलीवर घेतलं, ताई. नवरी म्हणून. तिचा बाप म्हणाला, आमची पोरगी कुठं हाय ह्यात?" मी चहा मागवला नाही. शटर खाली ओढलं आणि तिघं दवाखान्यात गेलो.

डॉक्टर मॅडमनी तपासायला बराच वेळ लावला. डावा डोळा इंजेक्शनांनी राखता येईल म्हणाल्या. उजव्याचं काही बोलल्या नाहीत. उजवा म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा डोळा. शब्बीरभाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा मॅडमनी त्यांचा डावा डोळा झाकला, मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, यांच्याकडं बघा आणि काय दिसतंय ते सांगा.

शब्बीरभाईंनी मान जरा पुढं केली, जरा मागं. "मागचं कॅलेंडर दिसतंय. पंखा दिसतोय. ताईंच्या साडीचा काठ हिरवा हाय. खांद्यावरची पर्स दिसतिया." मग थांबले. पुन्हा बघितलं. "सगळं दिसतंय, मॅडम. तोंड तेवढं न्हाय."

भाभींनी पदर तोंडाला लावला. वर्षभर मनात साठवून ठेवलेलं सगळं त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं. जिलबी, बंद फोन, रिकामी गेलेली प्रत्येक तारीख. एवढा हुशार माणूस आणि एवढा मूर्खपणा. डोळे गच्च भरले होते आणि ते पुसायचंही मला सुचत नव्हतं. शब्बीरभाई तसेच माझ्याकडं तोंड करून बसलेले, जिथं माझा चेहरा असायला हवा होता तिथं शोधत.

"ताई," त्यांनी विचारलं, "तुमी रडताय का रागावलाय?"

"रागावलेय," मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.