पाहुण्यांसाठी ठेवलेलं पाणी

तौहीदा मबखूत सरकारी खर्च तपासायची. सव्वीस वर्षं तेच काम, त्यामुळे ऑफिसात तिचं नाव पडलं होतं चाळणी. तिला त्याचं काही वाटत नसे. चाळायला कुणीतरी हवंच की, म्हणायची.

बीर लहमरची फाईल तिच्याकडे आली ती बंद करण्यासाठी. दक्षिणेतल्या या वाळवंटाकाठच्या गावात सरकारने खारं पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं होतं. यंत्र घरघरतं, पण पाणी खारटच येतं, अशा गावाच्या चार वर्षांत अकरा तक्रारी. तीन अधिकारी जाऊन आले आणि तिघांनीही लिहिलं, पाणी उत्तम. त्यांनी आणलेल्या बाटल्या प्रयोगशाळेतही पास झाल्या.

"खोटारडे आहेत हो हे लोक," राजधानी ट्युनिसमधले तिचे साहेब म्हणाले. "एकदा जाऊन या आणि हे लचांड मिटवा."

गावात तिला उमदा भेटला. उमदा म्हणजे सरकारचा गावातला माणूस. नाव बिलगासम, आणि तोंडाचा फटकळ.

"अकराही अर्ज मीच लिहिले, बाई. सहा घरं गाव सोडून गेली. आता ही हनिया मावशी. तिच्या मुलानं सामान बांधून ठेवलंय. तुम्ही फाईल बंद केलीत की तो बायको-पोरीला घेऊन निघाला. मग म्हातारी एकटी."

"आधी पाणी तर बघू द्या," तौहीदा म्हणाली.

"बघाल हो. पण आधी जेवण. येणारा प्रत्येक साहेब मावशीकडेच जेवतो."

हनिया मावशीने कुसकुस वाढला आणि मग निखाऱ्यांवर चहा चढवला. तौहीदाने पहिला घोट घेतला आणि ती थबकली. ती जेर्बा बेटावर वाढलेली. तिथे घराघरात अंगणाखाली हौद असतो आणि त्यात पावसाचं पाणी जपून ठेवलेलं असतं. ती चव तिच्या जिभेला पक्की ओळखीची. यंत्राचं पाणी असं लागत नाही, शंभर वेळा गाळलं तरी नाही.

"मावशी, हे पाणी कुठलं?"

"पी गं मुकाट्यानं. असं कुणी विचारतं का?"

"हौदातलं ना?"

"मग काय नळाचं घालू? नळाचं माझं गाढवसुद्धा पीत नाही. हौदात वीतभर उरलंय, ते पाहुण्यांसाठी ठेवलंय. आम्ही खारटावर भागवतो."

"आधीच्या साहेबांनाही हेच दिलं?"

"तिघांनाही. चांगले तीन-तीन पेले प्यायले."

"आणि त्यांच्या बाटल्या कुणी भरल्या?"

"मीच भरल्या. ते जेवून आडवे झाले होते. दोनदा विसळून हौदातलं भरलं. राजधानीत जाणार पाणी, तिथे काय खारट पाठवायचं? गावाची अब्रू आहे की नाही?"

बिलगासमने कपाळाला हात लावला. अकरा अर्ज त्याने घाम गाळून लिहिले आणि मावशीने ते तीन चहांत बुडवले. पण खरे शहाणे ते तिघे. नळाला तोंड लावायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. तौहीदाला त्यांचा संताप आला. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"मावशी, मला नळाच्या पाण्याचा चहा करून दे."

म्हातारीचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं, पोरी? माझ्या घरी येऊन माझा असा अपमान?"

"तुझी नात या गावात वाढावी असं वाटतं ना? मग दे."

मावशीने डोळे पुसत तो चहा केला. तौहीदाने खारट पेला तळापर्यंत संपवला आणि एक बिलगासमलाही पाजला. मग नळाखाली साबण चोळला. फेस येईना, नुसता चिकट गाळ. बाटल्या तिने स्वतः भरल्या. मावशी विसळायला पुढे आली तेव्हा तिचा हात धरून तिला खाली बसवलं, लाखेची मोहर केली आणि पाणी नळाचंच आहे असं लिहून त्या कागदावर तिचाच अंगठा घेतला.

"म्हणजे तिन्ही अहवाल खोटे?" ती ट्युनिसला परतल्यावर साहेबांनी विचारलं.

"खरे आहेत, साहेब. पाणी गोडच होतं. फक्त यंत्राचं नव्हतं."

या वेळी प्रयोगशाळेने बाटल्या नापास केल्या. यंत्र उघडलं, तर आतल्या गाळण्या पहिल्याच वर्षी फाटलेल्या. ठेकेदाराला त्या पदरच्या खर्चाने बदलून द्याव्या लागल्या.

आठ महिन्यांनी तौहीदा पुन्हा गेली. मावशीची सून अंगणात कपडे धूत होती आणि परातीत फेस मावत नव्हता. बांधलेलं सामान कधीच सुटलं होतं. मावशीने चहा पुढे केला. तौहीदाने घोट घेतला. पाणी चांगलं होतं, पण पावसाची ती चव त्यात नव्हती. तिने मान वर केली तर म्हातारी तिच्याकडेच बघत होती.

"नळाचं आहे," मावशी म्हणाली. "हौदातलं पाहुण्यांसाठी. तू आता घरचीच."

चाळणीचे डोळे भरून आले. तिने पेला रिकामा केला आणि दुसऱ्यासाठी पुढे धरला.