सासूबाईंच्या नावाची काडेपेटी

रविवार, ५ फेब्रुवारी १९७८. सकाळचे साडेआठ. घरात हजर: मी, तांदूळ निवडत, सासूबाई, दारातल्या उन्हात पाय पसरून, आमचे हे, गालावर दाढीचा साबण, आणि शेजारच्या शांताबाई, विरजण मागायला आलेल्या. डॉक्टरसाहेबांचे कंपाउंडर उंबऱ्याशी येऊन थांबले आणि म्हणाले, "अंबक्का गेल्या. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही." सासूबाई म्हणाल्या, "आज रविवार न्हवं का? आज यायची होती की ती..."

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी डॉक्टरसाहेबांची लॅबोरेटरी आहे. अंबक्का तिथं काम करायची. माहेर आणि सासर दोन्ही विणकरांची, घरात तेलुगू, शिक्षण सातवी. नवरा लवकर गेला, तेव्हा ती तिथं बाटल्या धुवायला लागली. बाटल्या धुता धुता कशात काय घालतात, किती थेंब घालतात, किती वेळ थांबतात हे बघत गेली. दहा-बारा वर्षांनी अशी वेळ आली की डॉक्टरसाहेब स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहून झाल्यावर म्हणत, "अक्का, तू एकदा बघ." हे ऐकीव नाही. यांच्या मधुमेहामुळे मला तिथं वरचेवर जावं लागे, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणखी एक पाहिलेलं सांगते. तपासायला आणलेलं काहीही असो, आणणारा माणूस समोर उभा असेपर्यंत तिनं कधी नाकाला पदर लावला नाही.

तिचा थोरला भाऊ मिलमध्ये होता. दोन वर्षं मूळव्याधीची औषधं घेत राहिला आणि शेवटी आतड्याच्या कॅन्सरनं गेला. त्याच्या दिवसकार्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्याकडे आली. साल १९७४. डॉक्टरसाहेबांनी तिला सांगितलं होतं की परदेशात काही डॉक्टर तक्रार नसलेल्या माणसांचीही शौचाची तपासणी करून पाहतात, डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात आहे का ते. तपासणी तिला येत होतीच. एका पुडीचं ॲसिडातलं पाणी, वर पेरॉक्साइडचे थेंब. निळं झालं की रक्त. "दादाचं रक्त डोळ्याला दिसलं तवा सगळं संपलं होतं," ती म्हणाली. "मला न दिसणारं बघायचं हाय. पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांचं. डॉक्टरसाहेब रविवारी खोली देतो म्हणालेत. बाई, तुमी यादी करा."

यादी करा म्हटलं की मला दुसरं काही सांगावं लागत नाही. मी शाळेत शिकवते, महिला मंडळाची चिटणीस आहे, आणि वाणसामानापासून सहलीपर्यंत सगळं वहीत असल्याशिवाय मला झोप येत नाही. बोळातली अठ्ठावीस नावं काढली. प्रत्येकाला एक रिकामी काडेपेटी, वर नावाची चिठ्ठी डकवलेली. नियम अंबक्काचे: तीन दिवस मटण नाही, मुळा नाही, लोहाचं टॉनिक नाही, आणि मिसरी नाही, कारण हिरड्यांतून आलेलं रक्तही पोटात जातं आणि निळं दाखवतं. बायका पेट्या पिशवीत फुलांच्या पुडीखाली लपवून आणत. पुरुष जास्त लाजत आणि म्हणून जास्त विनोद करत. कोपऱ्यावरचे शिंपीकाका पेटी टेबलावर ठेवून म्हणाले, "अक्का, पेढे समजून घ्या." ती मान वर न करता म्हणाली, "घेते की. पण काका, मुलगा झाल्यासारखं बोळभर सांगत नका फिरू." सगळी रांग हसली आणि त्यानंतर कुणी लाजलं नाही.

एका माणसाशिवाय. सासूबाईंनी साफ नकार दिला. "माझं पोट माझ्यापाशी. आन् मिसरी सोडा म्हणती? पोटाचा न् मिसरीचा काय संबंध?" मी समजावलं, यांनी समजावलं. उपयोग शून्य. रविवार उजाडला. सत्तावीस नावांपुढं खूण झाली होती आणि कोरी जागा होती ती चिटणीसबाईंच्या स्वतःच्या घरातली. मला ते सहन होईना. आता लिहायलाही संकोच वाटतो, पण हा लेख लिहायचा तर हे लिहिलंच पाहिजे: सासूबाईंच्या नावाच्या पेटीत मी माझं स्वतःचं घालून दिलं आणि खूण केली. माझं वय तेव्हा शेहेचाळीस. नियमानं मीही यादीत हवी होते. पण यादी करणाऱ्यानं स्वतःला त्यात धरायचं असतं हे मला सुचलंही नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी लॅबोरेटरी बंद करून अंबक्का थेट आमच्याकडे आली. सासूबाईंजवळ जमिनीवर बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मावशी, शनिवारी पेरू खाल्लासा का?"

"दात कुटं हायत गं? पेरू ऱ्हाऊ दे, मला भाकरीसुदीक दुधात कुस्करून लागती."

अंबक्कानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात बशी होती, तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडींची. हिवाळाभर शाळेतून आल्यावर माझा हाच फराळ. ती उठून माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, त्या पेटीत पेरूच्या बिया होत्या."

मी बशी खाली ठेवली.

"ती पेटी निळी झालीय."

मला वाटलं होतं ती रागावेल. तिच्या भावाच्या मरणातून निघालेलं हे काम, आणि त्यात मी खोटी खूण केली होती. मी घाईघाईनं म्हणाले, "शुक्रवारी आमच्याकडे मटण होतं. तेच असेल. मी नियम पाळले नव्हते..." ती म्हणाली, "असंल. देवाच्या मनात असलं तर तेच असंल. आता तीन दिवस पाळा, मग सलग तीन दिवस पेटी द्या. तुमच्या नावाची." तिनं फळीवरची माझी वही काढली, पेन मागितलं आणि अठ्ठावीस नावांखाली तिच्या गोल गोल, तेलुगू वळणाच्या अक्षरात माझं नाव लिहिलं. एकोणतिसावं. मग सासूबाईंच्या नावापुढची खूण खोडली. बस्स. खोटेपणाबद्दल एवढंच. जाताना म्हणाली, "चूक केलासा बाई. पण बरी चूक केलासा."

तिन्ही पेट्या निळ्या झाल्या. पुढचं थोडक्यात सांगते: बेरियमचा एक्स-रे, डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी, मिरज, ऑपरेशन. मला कसलाही त्रास नव्हता. पोट दुखत नव्हतं, वजन उतरलं नव्हतं, शाळेत एकही रजा नव्हती. सर्जन म्हणाले, वर्षभरानं आला असता तर मी पोट उघडून नुसतं शिवून टाकलं असतं. अंबक्का रजा काढून एसटीनं मिरजेला आली. माझी चौकशी केली आणि मग सर्जनना विचारलं, काढलेली गाठ बघायला मिळेल का. ते आधी हसले, मग तिला आत घेऊन गेले. परत आली तेव्हाचा तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. आनंद नव्हता तो, भीतीही नव्हती. "लिंबाएवढी हाय," ती म्हणाली. "एवढी आत, एवढ्या अंधारात... आन् एका काडेपेटीत कळलं की हो बाई." मग बराच वेळ ती माझा हात धरून बसली. मला वाटतं, तेव्हा ती माझ्याशी नाही, तिच्या दादाशी बोलत होती.

त्याला चार वर्षं होतील. मी पन्नाशीत पोचले, लेकीचं लग्न केलं, शाळेच्या तीन सहली नेल्या. यातला प्रत्येक दिवस सातवी शिकलेल्या एका बाईनं पेरूच्या बिया ओळखल्या म्हणून माझ्या वाट्याला आला. हा हिशेब मी अनेकदा मांडायला बसते आणि तो माझ्या वहीत मावत नाही.

मिरजेहून आल्यावर अंबक्कानं सासूबाईंच्या नावाची नवी काडेपेटी केली, चिठ्ठी स्वतः लिहिली आणि त्यांच्या हातात दिली. "मावशी, तुमची राहिली." सासूबाई म्हणाल्या, "दीन. पर तुझ्याच हातात दीन, दुसऱ्या कुणाच्या न्हाय. आन् आज न्हाय." तेव्हापासून हा दोघींचा खेळच झाला. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी अंबक्का येई, दारातूनच विचारी, "मावशी, मिसरी सुटली का?" "तू म्हातारी झालीस की सोडते," असं उत्तर मिळे. मग चहा होई. या जानेवारीत मात्र सासूबाई अचानक म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी ये. चार दिस मिसरी सोडते. एकदाची घेऊन जा." अंबक्का माझ्याकडे बघून डोळे मोठे करून हसली आणि म्हणाली, "यादीत लिहा बाई. पाच तारीख."

ती पाच तारीख वर लिहिली आहे.

चार दिवस मिसरी न लावता बसलेल्या सासूबाईंनी त्या रविवारी अंघोळ केली नाही, त्या जेवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसरी लावली. लॅबोरेटरीत आता नवा माणूस आहे, शिकलेला, नम्र. रविवारी येईन म्हणतो. मी सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगला असंल गं तो. पर मी तिला म्हनले होते की..."

काडेपेटी देवळीत आहे, पंचांगाशेजारी, चिठ्ठीवरची शाई थोडी फिकी झालेली. केर काढताना मी ती उचलते, पुसते, परत ठेवते. वही उघडते. एकोणतीस नावं आहेत. सासूबाईंच्या नावापुढं एक खोडलेली खूण आहे, आणि तिच्या शेजारची जागा कोरी आहे.

उद्या रविवार. सासूबाईंना पुन्हा विचारायचं आहे.