शेंड्याचा लाल दोरा

पापलेटचं कालवण आणि भात पोटात गेला की शैला टिपणीसला पाच मिनिटं आडवं व्हावंच लागतं, आणि ती पाच मिनिटं कधी पाचात संपत नाहीत. आज झोप लागू नये म्हणून ती जेवणाच्या टेबलाशीच बसून आहे. साडेचारला दाभाडे यायचेत. टेबलावर धुतलेली चादर, चादरीवर तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, गळाच्या तीन काठ्या. अप्पांना जाऊन अकरा महिने झाले.

दाभाडे म्हणजे जुन्या काठ्यांचे वैद्य. मागच्या आठवड्यात त्यांनी भिंग लावून एकेकीची नाडी पाहिली. दोन फायबरच्या निघाल्या, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसरी हातात घेतली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवून केलेली, विलायती, बुचाच्या मुठीजवळ शाईने कारागिराचं नाव आणि नंबर.

"सत्तर वर्षांची तरी आहे बाई. पण हा शेंडा बघा, चार बोटं आखूड. मोडल्यावर छाटून गळाची दोरी ओवायची वरची कडी पुन्हा बांधलीय. आणि बांधलीय कशाने, तर लाल दोऱ्याने! बाकी सगळीकडे हिरवं रेशीम. हा काढा, हिरवा बांधून घेऊ. बरी किंमत येईल."

म्हणून आज सकाळी शैलाने ब्लेडने तो लाल दोरा सोडवला. बशीत ठेवलाय. त्या शेंड्याशी तिचं एक जुनं पाप बांधलेलं आहे, ते तिने पन्नास वर्षं कुणापाशी बोलून दाखवलेलं नाही. तिची मान हळूहळू खाली येते. पंखा फिरतोय, पण आता तो पाण्यासारखा वाजतोय.

"पोक काढू नकोस, शैले," अप्पा म्हणतात.

ते समोरच्या खुर्चीत बसलेत, खाकी हाफ पँट, डोक्यावर पिवळी पडलेली हॅट. चादर हलते. ती चादर नाहीच, धरणाचं पाणी आहे, आणि दोघांच्या खुर्च्या त्यात गुडघाभर उभ्या आहेत. शैलाला त्याचं काही वाटत नाही. अप्पांचे पाय भिजताहेत एवढंच तिला दिसतं.

"अप्पा, न्यूमोनिया होईल."

"तो होऊन गेला की!" ते हसतात. मग त्यांची नजर बशीवर जाते आणि हसू मावळतं. "काढलास?"

"दाभाडे म्हणाले, तो मूळचा नाही."

"मूळचा नाहीच. मी बांधला."

फ्रिजच्या जागी धरणाच्या कॉलनीची जीप उभी आहे. तिच्यातून नऊ वर्षांची शैला उडी मारते आणि घाईघाईत दार आपटते. दारात काठीचा शेंडा असतो. कट् असा एवढासा आवाज येतो, आणि ती पळत सुटते.

लगेच संध्याकाळचं अंगण. अप्पांच्या हातात कमरेचा पट्टा, आणि समोर तिचा बारा वर्षांचा भाऊ रघू. "मी नाही अप्पा, मी नाही मोडली." शैला पाण्याच्या पिंपामागे उभी आहे. तिच्या तोंडातून ब्र निघत नाही. त्यानंतर रघू अप्पांबरोबर एकदाही धरणावर गेला नाही. मोठा झाला, नागपूरला नोकरीला लागला, आणि घरी पाहुण्यासारखा यायला लागला. अप्पांच्या तेराव्यालासुद्धा तो लॉजवर उतरला. काठ्यांचं विचारलं तर म्हणाला, विकून टाक, मला त्यातली एकही नको.

"अप्पा, ती मी मोडली होती."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. जीपच्या दारात बांबूच्या चिपेबरोबर तुझ्या लाल रिबिनीचा तुकडा अडकला होता." ते पाण्याकडे बघतात. "हिरवा दोरा माझ्याकडे डबाभर होता गं. लाल मुद्दाम बांधला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, ते दर रविवारी गळ टाकताना डोळ्यांसमोर राहावं म्हणून."

"मग रघूला का नाही सांगितलंत?"

अप्पा हॅट कपाळावर ओढून घेतात.

"पोराची माफी कशी मागतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. मग तो मोठाच झाला."

शैलाला रडू फुटतं. अप्पा तिचा उजवा हात ओढून घेतात आणि तिच्या बोटावर लाल दोरा गुंडाळू लागतात, वेढ्याला वेढा चिकटवून.

"गाठ मारायची नाही. गाठ हाताला लागते. आधी एक फास खाली ठेवायचा, टोक त्यातून घालायचं आणि आत ओढून घ्यायचं. बघ, दिसतंय टोक?"

"हे तुम्ही फक्त रघूला शिकवलं होतंत."

"त्याचा हात माझ्याहून हलका होता," अप्पा म्हणतात. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलंय. हॅट तेवढी कोरडी आहे.

"अप्पा, उठा ना!"

शैलाचा गाल चादरीवर आहे. चादर कोरडी. बशी रिकामी. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर लाल दोऱ्याचे घट्ट वेढे आहेत. ती नखाने टोक शोधते, ते सापडत नाही. गाठही नाही. हे तिला कधी येत नव्हतं, आणि एका हाताने तर कुणालाच येणार नाही.

ती नागपूरला फोन लावते.

"रघू, विलायती काठी मी विकत नाहीये. ती तुझी आहे." ती दोऱ्याच्या वेढ्यांवर अंगठा ठेवते. "तिचा शेंडा मी मोडला होता रे. जीपच्या दारात."



"आत्ता सांगतेस?"

"हो."

"अप्पांना माहीत होतं?"

शैला बोटाकडे बघते. "माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून."

दारावरची बेल वाजते. दाभाडे वेळेचे पक्के. शैला उठत नाही. ती फोन कानाशी घट्ट धरून बसते. पलीकडे तिचा बासष्ट वर्षांचा भाऊ रडतोय, आणि मध्येच श्वास घेऊन म्हणतोय, "मी सांगत होतो ना गं. मी सांगत होतो, मी नाही."